त्या लाल वस्त्राच्या पाठीवर नाव कुणाचं?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

ईस्टरच्या आधीच्या रविवारी, म्हणजे झावळ्यांच्या रविवारी, आमच्या वसईत निघालेल्या मिरवणुकीचं छायाचित्र आपण छापलंत, त्याबद्दल मनापासून आभार. हातात झावळ्या धरलेली पोरं, लाल लुगड्यातल्या दोन म्हाताऱ्या आणि मधे लाल वस्त्रातले आमचे फादर. कात्रण मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं आहे. खाली ओळ होती, 'पारंपरिक लाल झग्यात सहभागी झालेले धर्मगुरू'. चूक लहानशी आहे आणि तिच्यासाठी कुणी पत्र लिहीत बसत नाही. पण ते लाल वस्त्र मी शिवलेलं आहे, आणि त्याच्या पाठीवर जे घडलं त्याची टोचणी मला अजून आहे. म्हणून लिहिते.

आधी ओळीतल्या चुकीबद्दल. झगा म्हणजे गळ्यापासून घोट्यापर्यंत बटणं असलेला तो पांढरा अंगरखा. तो फादर देवळाबाहेरही घालतात, बाजारात घालतात, मयताला जाताना घालतात. छायाचित्रात दिसतं ते चॅझुबल. ते फक्त मिस्सेसाठी, म्हणजे देवळातल्या मुख्य उपासनेसाठी, आणि मिस्सेला जोडून असलेल्या विधीसाठी, सगळ्यांत वरून चढवायचं. आणि लाल रंग परंपरेने रोजचा नाही. झावळ्यांच्या रविवारी, शुभ शुक्रवारी, पेंटेकॉस्टला (पवित्र आत्मा उतरला तो सण) आणि हुतात्म्यांच्या सणाला लाल, कारण तो रक्ताचा आणि अग्नीचा रंग. त्याआधीचे जवळजवळ सहा आठवडे, म्हणजे उपवासकाळात, आमच्या देवळात जांभळा होता. ईस्टरला पांढरा. त्यानंतर साधा काळ लागला की हिरवा, महिनोन्‌महिने हिरवा, आमच्या शेतांसारखा. ज्याला वाचता येत नाही त्या म्हातारीलाही वेदीकडे बघून वर्षाचा कुठला काळ चालू आहे ते कळतं.

मी 31 वर्षं ही वस्त्रं शिवते आहे. लग्नानंतर कॉन्व्हेंटच्या शिवणवर्गात एका सिस्टरने मला शिकवलं. त्याआधी मी ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवत होते. पहिलंच चॅझुबल बेतायला घेतलं तेव्हा मी टेप घेऊन फादरांच्या छातीचं माप घ्यायला निघाले, तर सिस्टर म्हणाल्या, "छाती कशाला? उंची घे आणि हात पसरून मनगटापर्यंत घे. बस." शिंप्याचं सगळं कसब कापड अंगाला बसवण्यात असतं. या वस्त्रात उलटं. 60 इंच पन्ह्याचं साडेतीन-चार मीटर कापड लागतं, आणि ते इतकं ऐसपैस सोडायचं की आतला माणूस बारीक की जाडा, तरुण की म्हातारा, ते कळू नये. कठीण काय तर गळा. भोक गोल कापायचं, तिरकी कापलेली उरेब पट्टी लावायची आणि ती आतून हाताने घालायची, कारण मशीनची टीप मारली की सबंध वस्त्राचा भार गळ्यावर ओढला जातो आणि फादर मिस्साभर मान वळवत राहतात. गळ्यावर मी अजूनही अख्खी दुपार घालवते.

लॅटिनमध्ये या वस्त्राला 'कासुला' म्हणतात, म्हणजे छोटंसं घर. मुळात हा रोमन लोकांचा प्रवासातला डगला होता, पावसापाण्यात सगळं अंग झाकणारा. साधी माणसं घालायची. त्यांच्यातला पोशाख बदलत गेला आणि वेदीवर तेवढा जुना राहिला, म्हणून तो वेगळा दिसू लागला. 428 साली पोप सेलेस्टाइन यांनी गॉलमधल्या, म्हणजे आताच्या फ्रान्सकडच्या, बिशपांना खरमरीत पत्र लिहिलं होतं, कारण तिथले काही जण वेगळा पोशाख करून मिरवू लागले होते. लोकांपासून आपण वेगळे दिसावं ते शिकवणुकीने, कपड्याने नव्हे. वागण्याने, वेशाने नव्हे, असा त्या पत्राचा आशय आहे. मी कपडे शिवून पोट भरते, तरी मला ते पत्र पटतं.

मग वस्त्रं हवीत तरी कशाला, असं मला लोकलमध्ये शेजारी बसणाऱ्या एका ताईंनी विचारलं होतं. माझ्या पिशवीतून सोनेरी गोट बाहेर आला होता आणि त्यांना वाटलं मी नाटक कंपनीसाठी शिवते. त्या माळकरी आहेत. मी त्यांना एकेक वस्त्र सांगत गेले. आतला पांढरा पायघोळ अंगरखा म्हणजे आल्ब, तो बाप्तिस्म्याची आठवण. कमरेची दोरी संयमाची. गळ्यातला लांब पट्टा म्हणजे स्टोल, तो धर्मगुरूपदाचा, आणि सगळ्यांवरून चॅझुबल. ते चढवताना म्हणायची एक जुनी प्रार्थना आहे: प्रभू, 'माझं जू सोयीचं आणि माझं ओझं हलकं आहे' असं तू म्हणालास, ते मला नीट वाहता येऊ दे. संत पौल बायबलमधल्या पत्रात कलस्सैकरांना, म्हणजे कलस्सै गावच्या ख्रिस्ती लोकांना, लिहितात की दया, ममता, नम्रता, सहनशीलता ही वस्त्रं अंगावर चढवा आणि या सगळ्यांवर प्रीती चढवा. म्हणून चॅझुबल सगळ्यांवरून असतं. स्टोल अधिकाराचा, आणि अधिकार प्रीतीने झाकायचा. ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे माळेसारखंच की. माळ घातली की तोंडात काय जातं आणि तोंडातून काय निघतं, दोन्ही सांभाळावं लागतं." मला एवढं नेमकं कुणी देवळातही सांगितलं नव्हतं.

आता माझ्या टोचणीकडे येते.

साधारण दहा-बारा वर्षांपासून आमच्याकडे एक पद्धत आली. घरात कुणी वारलं किंवा लग्नाला पन्नास वर्षं झाली की देवळाला वस्त्र द्यायचं. देणं चांगलंच आहे. आधी जरीचा क्रूस, मग मागे भरतकाम, मग परदेशातून आणलेलं कापड. ते लाल वस्त्र असंच एका घराने दिलं. सॅटिन उत्तम होतं, शिलाई त्यांनी मागितली त्याहून जास्त दिली. आणि सांगितलं, पाठीवर खाली 'यांच्या स्मरणार्थ' असं लिहून आडनाव सोनेरी धाग्याने भर. अक्षर बोटभर उंचीचं. मी भरलं. मला ते बरोबर वाटत नव्हतं, तरी भरलं. फादर वेदीकडे वळले की सगळं देऊळ ते आडनाव वाचत होतं. पुढच्या वर्षी दुसऱ्या घराने पांढरं वस्त्र दिलं, त्यांचं आडनाव दोन बोटं उंच. तेही मीच भरलं. नंतर सणाच्या मोठ्या मिस्सेला कुणाचं वस्त्र घालायचं यावरून सॅक्रिस्टीच्या, म्हणजे देवळातल्या वस्त्रं ठेवायच्या खोलीच्या, दारात जी बोलाचाली झाली ती मी ऐकली आहे. जे वस्त्र माणूस झाकण्यासाठी मी बेतलं होतं, त्याच्या पाठीवर माझ्याच सुईने मी आडनाव काढलं होतं.

त्या सुमारास एका ध्यानसाधनेत आम्हाला बायबलमधल्या निर्गमच्या पुस्तकातला 28वा अध्याय वाचून दाखवला. मोशेचा भाऊ आणि पहिला मुख्य याजक अहरोन, त्याची वस्त्रं कशी करायची ते त्यात देवाने मोशेला सांगितलं आहे. मी आयुष्यभर तो अध्याय कंटाळवाणा समजत आले होते. त्या दिवशी एका शिवणारणीच्या कानांनी ऐकला. पहिलीच गोष्ट अशी की ज्या कुशल लोकांच्या ठायी मी ज्ञानाचा आत्मा भरला आहे त्यांना ही वस्त्रं करायला सांग. म्हणजे शिवणाऱ्यांनाही देवाने वाऱ्यावर सोडलेलं नाही. मग खालच्या काठाला निळ्या, जांभळ्या, किरमिजी सुताची डाळिंबं आणि मधे मधे सोन्याची घुंगरं. आणि खांद्यांवर दोन गोमेद रत्नं, एकावर सहा नावं, दुसऱ्यावर सहा. ऊरपटावर चार ओळींत बारा रत्नं, प्रत्येकावर इस्राएलच्या एकेका वंशाचं नाव. अहरोन पवित्र स्थानी जाईल तेव्हा ही नावं त्याने हृदयावर वाहून न्यायची.

नावं होती, संपादक महोदय. वस्त्रावर नावं असावीत हे देवानेच सांगितलं होतं. पण ती सोनं देणाऱ्यांची नव्हती. ती पाठीवर लोकांना वाचायला नव्हती. समोर होती, देवाला दिसावीत म्हणून, आणि खांद्यावर होती, वाहणाऱ्याला भार लागावा म्हणून. आणि त्यांत कुणी गाळलेलं नव्हतं. त्या बारांतले शिमोन आणि लेवी, त्यांच्या क्रोधाला त्यांच्या बापानेच मरताना शाप दिला होता, तरी त्यांची नावं खांद्यावर होतीच.

2013च्या पवित्र गुरुवारी पोप फ्रान्सिस यांनी धर्मगुरूंना हाच अध्याय समजावून सांगितला होता. मेंढपाळाच्या अंगाला मेंढरांचा वास यावा, हे त्यांचं वाक्य सगळ्यांना पाठ आहे. ते याच प्रवचनातलं. साधं चॅझुबल अंगावर घालताना लोकांची ओझी आणि त्यांचे चेहरे खांद्यावर जाणवले पाहिजेत, असं ते त्यातच म्हणाले होते. आणि त्याच संध्याकाळी त्यांनी रोमच्या बालसुधारगृहात जाऊन बारा तरुण कैद्यांचे पाय धुतले. त्यांत मुली होत्या, मुसलमान होते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गावातल्या एका मुलाचा गुरुदीक्षाविधी, म्हणजे धर्मगुरू होण्याचा विधी, ठरला. माझ्यासमोर वाढलेलं पोर, आंब्याच्या कैऱ्या चोरताना कुंपणाच्या तारेला त्याची चड्डी फाटली तेव्हा मीच ठिगळ लावलं होतं. त्याला वस्त्र कुणी द्यायचं यावर पुन्हा तीन घरं पुढे आली. आमच्या समूहाच्या, म्हणजे आसपासच्या ख्रिस्ती घरांच्या, प्रार्थनेला मी निर्गमचा तो अध्याय वाचला आणि म्हटलं, वस्त्र सगळे मिळून देऊ, आणि नावंही सगळ्यांची घालू, पण आत. कापड आणि अस्तर यांच्या मधे, खांद्यावर.

पांढऱ्या सुती कापडाच्या दोन लांब पट्ट्या मी कापल्या. दीड बोट रुंद. प्रत्येक घराचं नाव लाल दोऱ्याने हाताने घालायचं ठरलं. बायका जमल्या, आणि पहिल्याच संध्याकाळी भांडण लागलं. एक घर वर्षानुवर्षं देवळात येत नाही, त्याचं नाव कशाला? एकाचा मुलगा तुरुंगात आहे. एकीने दुसरं लग्न केलं आहे. एक घर भाड्याने राहतं, पुढच्या वर्षी असेल की नसेल. मला वाटलं हे सगळं इथेच मोडतंय. तेव्हा आमच्यातली सगळ्यांत वयस्क मावशी, जिला आता सुईत दोरा ओवता येत नाही, ती म्हणाली, "बाप्तिस्म्याला त्यांच्या अंगावर पांढरं घातलं होतं ना? मग कुणी काढून घेतलं?" त्यावर कुणी बोललं नाही.

तेव्हाच ठरलं की आपल्या घराचं नाव आपण घालायचं नाही. चिठ्ठ्या टाकायच्या, जे येईल ते. माझ्या वाट्याला जे घर आलं त्यांच्याशी आमचा विहिरीकडे जाणाऱ्या वाटेवरून नऊ वर्षं अबोला होता. चिठ्ठी बदलून घ्यावी असं फार वाटलं. घेतली नाही. सात अक्षरं होती, काना-मात्रा वेगळ्या. मी रागाने सुई चालवली तर दोरा आकसून कापडाला चुण्या पडायला लागल्या. दोनदा उसवलं. शिवणाऱ्या बायकांना हे माहीत आहे, हात सैल सोडल्याशिवाय बारीक टाका येत नाही. तिसऱ्यांदा हळूहळू घातलं. अबोला त्या दिवशी सुटला असं मी म्हणणार नाही. पण पुढच्या पावसाळ्यात त्या घरी मयत झालं तेव्हा मी गेले, आणि भाताचं पातेलं घेऊन त्या वाटेनेच गेले.

दीक्षेच्या दिवशी तो मुलगा आधी पांढऱ्या आल्बमध्ये जमिनीवर पालथा पडला होता, वर संतांची माळका गायली जात होती. मग बिशपांनी डोक्यावर हात ठेवले, दीक्षेची प्रार्थना म्हटली. मग स्टोल, मग चॅझुबल. त्याला पट्टीचं आधी सांगितलेलं नव्हतं. संध्याकाळी भेटायला आला तेव्हा एवढंच म्हणाला, "काकी, खांद्यावर काहीतरी घातलंय ना?" मी त्याला अस्तर उलटून दाखवलं. तो बराच वेळ नावं वाचत उभा होता. तुरुंगातल्या मुलाच्या घरी तो दुसऱ्याच दिवशी गेला, आणि नंतर त्याला भेटायलाही गेला.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की वस्त्राशिवाय काही होतच नाही. तसं मला म्हणायचं नाही. जुलै 2018मध्ये वसई पाण्याखाली गेली, तेव्हाचे आमचे फादर अर्ध्या चड्डीत आणि भिजलेल्या बनियनमध्ये खिचडीचा टोप डोक्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून जात होते, जात-धर्म न विचारता. झगा नव्हता, स्टोल नव्हता, पण धर्मगुरू ओळखायला कुणाची चूक झाली नाही. शेवटच्या भोजनाला येशूनेही वरचं वस्त्र काढून ठेवलं होतं आणि कमरेला रुमाल बांधला होता. आमच्या वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया 1597 साली नागासाकीला क्रुसावर गेले. ते धर्मगुरू नव्हते. फ्रान्सिस्कन संघाचे साधे ब्रदर, अंगात संन्याशाचा अंगरखा आणि कमरेला दोरी. चॅझुबल त्यांनी कधी घातलं नाही. सणाला त्यांच्या नावाने आम्ही लाल चॅझुबल काढतो.

आणि 2020च्या टाळेबंदीत आल्बसाठी आणून ठेवलेलं माझ्याकडचं पांढरं सुती कापड मुखपट्ट्यांत गेलं. चार जणी आम्ही आपापल्या घरी शिवायचो आणि पोरं सायकलवरून वाटायची, भाजीवाल्यांना, सफाई कामगारांना, वीटभट्टीवरच्या लोकांना. त्या वर्षी नवा आल्ब झाला नाही. फादर म्हणाले, झालाच की, तुकड्या-तुकड्यांनी झाला.

आपल्या वाचकांपैकी काहींना हे सगळं परकं, विलायती वाटत असेल. 1969 साली भारतातल्या चर्चला रोमहून मुभा मिळाली की उपासनेत आरती असावी, पंचांग प्रणाम असावा, आणि धर्मगुरूने साध्या सैलसर वस्त्रावर अंगवस्त्रासारखा स्टोल घ्यावा. मी तसे साधे खादीचे संच शिवले आहेत, मला ते फार आवडतात. चर्चचे नियमही सांगतात, की वस्त्राचं सौंदर्य नक्षीच्या भाराने येत नाही, कापडाने आणि बेतण्याने येतं. माझ्याकडे काम घेऊन येणाऱ्या घरांना मी आता हेच सांगते, आणि नाव भरायला नकार देते. दोन कामं त्यामुळे गेली. शिलाईचे पैसे लागतात, नाही असं नाही. पण गेली.

राहिलं ते लाल वस्त्र. मागच्या वर्षी ते देणाऱ्या घरातल्या आजी स्वतः माझ्याकडे आल्या. त्यांनी नव्या फादरांच्या खांद्यावरची पट्टी पाहिली होती, तीतलं एक नाव त्यांच्याही हातचं होतं. म्हणाल्या, "आमच्यांचं नाव पाठीवरून काढ. ते आत घाल." मी बसून सगळं उसवलं. सोनेरी दोरा निघाला, पण सॅटिनला सुईची भोकं राहतात. पाण्याचा हबका मारून, नखाने घासूनही ती बुजली नाहीत. जवळून पाहिलं तर आडनाव अजून वाचता येतं. आपल्या छायाचित्रकाराने समोरून फोटो घेतला म्हणून ते दिसलं नाही.

एक विनंती आहे. पुढच्या वेळी ओळीत 'लाल वस्त्रात' एवढं लिहिलंत तरी पुरे. आणि आपला कुणी वार्ताहर इकडे आला तर जरूर यावं, मी दुपारी मशीनवरच असते, सगळी वस्त्रं उलटून दाखवीन. दीक्षेच्या त्या पांढऱ्या वस्त्रातल्या पट्टीच्या शेवटी मी वीतभर जागा रिकामी ठेवली होती. यंदा आमच्या समूहात दोन घरं नवी आली आहेत, एक पालघरकडून, एक थेट झारखंडहून. मे महिन्यात खांद्याकडचं अस्तर उसवायचं आहे. चिठ्ठ्या टाकून झाल्या आहेत.

आपली नम्र,
वस्त्रं शिवणारी एक वाचक, वसई
(नाव छापू नये ही विनंती.)